ख्रिस्ती विद्यापीठ आणि सोशल स्टडीजचा शिक्षक

अमेरिकेतल्या शाळांत ‘सोशल स्टडीज’ नावाचा जो विषय शिकवतात, त्याला मराठी शाळेच्या वेळापत्रकात नेमका जोडीदार नाही. इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल आणि अर्थशास्त्र हे त्याचे चार खांब. मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्राचे तुकडे त्यांना जोडलेले. महाराष्ट्रात दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा आणि भूगोलाचा पेपर वेगळा असतो आणि मोठ्या शाळेत शिक्षकही बहुधा वेगळे असतात. अमेरिकेतल्या लहान गावच्या हायस्कुलात मात्र सकाळी अमेरिकेची राज्यघटना, दुपारी मागणी-पुरवठ्याचा आलेख आणि शेवटच्या तासाला मेसोपोटेमिया, असे सगळे एकाच माणसाच्या गळ्यात पडते.

या माणसाचे प्रशिक्षण ख्रिस्ती विद्यापीठात होते, तेव्हा एक जुना पेच उभा राहतो. विद्यापीठ श्रद्धेच्या पायावर चालते. शिकवण्याचा परवाना देते ते राज्य. पदवीधर ज्या सरकारी शाळेत रुजू होतो, तिथे बॅप्टिस्ट, कॅथलिक, मुसलमान, हिंदू, नास्तिक अशा सगळ्या घरांतली मुले बाकांवर असतात. गणिताच्या शिक्षकाला हा पेच बराचसा बाजूला ठेवता येतो. सोशल स्टडीजच्या शिक्षकाला ती सवलत नाही, कारण राष्ट्राचा जन्म, गुलामगिरी, धर्मस्वातंत्र्य, जगातले धर्म हाच त्याचा अभ्यासक्रम.

या विषयाच्या जन्मातही मिशनरी वारसा आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९१६ साली नॅशनल एज्युकेशन असोसिएशनच्या एका समितीने माध्यमिक शाळांतल्या सोशल स्टडीजविषयी अहवाल दिला आणि तेव्हापासून हे नाव देशभर रूढ झाले. मानवी समाजाची घडण आणि त्या समाजाचा घटक असलेला माणूस यांच्याशी थेट संबंध असलेला सर्व आशय त्यात एकत्र आणला होता. शेवटच्या वर्षासाठी ‘लोकशाहीचे प्रश्न’ असा नवा विषयही सुचवला होता. समितीचे अध्यक्ष थॉमस जेसी जोन्स हे धर्मशास्त्राचे पदवीधर. त्याआधी ते व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये होते आणि तिथल्या अभ्यासक्रमातल्या ‘सोशल स्टडीज’वर त्यांनी लेखमाला लिहिली होती. हॅम्प्टन ही १८६८ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशनच्या मदतीने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी निघालेली संस्था. तिचे संस्थापक सॅम्युएल आर्मस्ट्राँग हे हवाईतल्या मिशनऱ्याचे चिरंजीव. त्या वडिलांना हवाईला धाडणारे अमेरिकन बोर्ड म्हणजे मुंबई-अहमदनगरकडे ‘अमेरिकन मराठी मिशन’ चालवणारेच बोर्ड. त्याच बोर्डाच्या सिंथिया फरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना प्रेरणा मिळाली होती.

हॅम्प्टनच्या या वारशाला दुसरी बाजूही आहे. तिथे समाज ‘शिकवायचा’ म्हणजे कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी विद्यार्थ्यांना आपली पायरी ओळखून हळूहळू वर चढण्याचा सल्ला द्यायचा, असा त्या अभ्यासक्रमाचा सूर होता. जोन्स यांच्या शैक्षणिक मतांवर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस आणि कार्टर वुडसन यांनी कडाडून टीका केली. समाजाची ओळख करून देणे आणि समाजात गप्प बसायला शिकवणे यांतले अंतर किती थोडे असू शकते, हे त्यातून दिसते. शिक्षकप्रशिक्षणाच्या वर्गात हा इतिहास शिकवायला हवा. बहुतेक ठिकाणी तो एका परिच्छेदात उरकतात.

१९२१ साली नॅशनल कौन्सिल फॉर द सोशल स्टडीज ही शिक्षकांची राष्ट्रीय संघटना निघाली. तिने १९९४ मध्ये दहा सूत्रांभोवती अभ्यासक्रमाची मानके बांधली आणि २०१३ मध्ये ‘सी-थ्री’ नावाची चौकट आणली. या चौकटीचा जोर पाठांतरावर नाही, शोधावर आहे. आधी प्रश्न उभा करायचा, मग त्या त्या शास्त्राची हत्यारे वापरायची, साधने पारखायची, आणि शेवटी निष्कर्ष मांडून त्यावर विचारपूर्वक कृती करायची. शिक्षक कसा तयार व्हावा याची मानकेही संघटनेने २०१७ मध्ये सुधारून घेतली. ख्रिस्ती असो वा सरकारी, राष्ट्रीय मान्यता हवी असलेल्या विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम अशा मानकांशी ताडून दाखवावा लागतो. मान्यतेचे काम १९५४ पासून ‘एनकेट’ करत असे. २०१३ पासून ते ‘केप’कडे आले आणि नंतर ‘आकेप’ ही दुसरी संस्थाही उभी राहिली.

‘ख्रिस्ती विद्यापीठ’ हा शब्द एकवचनी वाटला, तरी त्याखाली अनेक बिऱ्हाडे नांदतात. इंडियानातले नोत्र दाम किंवा ओहायोतले डेटन ही कॅथलिक विद्यापीठे. तिथे विद्यार्थी कोणत्याही धर्माचा चालतो. मिशिगनमधले कॅल्व्हिन १८७६ साली डच सुधारणावादी पंथीयांनी स्थापले. जीवनाचा एकही कोपरा ईश्वराच्या सत्तेबाहेर नाही, ही त्या पंथाची ठाम समजूत. इलिनॉयमधले व्हीटन हे इव्हँजेलिकल परंपरेचे. तिथे अध्यापकच काय, विद्यार्थीही सामुदायिक आचारकरार मान्य करतात. टेक्सासातले बेलर १८४५ चे, बॅप्टिस्ट. ‘काँकॉर्डिया’ नावाची काही ल्युथरन विद्यापीठे तर चर्चच्या शाळांना शिक्षक पुरवण्यासाठीच निघाली. शिकागोजवळच्या काँकॉर्डियाचा उगम १८६४ सालचा. इव्हँजेलिकल वळणाच्या अनेक संस्था १९७६ साली निघालेल्या ख्रिस्ती महाविद्यालयांच्या परिषदेत एकत्र आहेत आणि पूर्णवेळ अध्यापक ख्रिस्ती असावेत, अशी त्या परिषदेच्या सदस्यांची रीत आहे. तेव्हा ‘ख्रिस्ती विद्यापीठात शिक्षक कसा घडतो’ याचे एकच उत्तर देणारा माणूस बहुधा एकच विद्यापीठ पाहून आलेला असतो.

अभ्यासक्रमाचा सांगाडा मात्र सगळीकडे ओळखीचा. चार वर्षे, एकशेवीसच्या आसपास क्रेडिट. पहिला वाटा सर्वसाधारण शिक्षणाचा, त्यातच बायबल किंवा धर्मशास्त्राचे अनिवार्य पेपर; काही ठिकाणी दोनच, काही ठिकाणी इतके की सरकारी विद्यापीठातला विद्यार्थी तेवढ्यात एखादा दुय्यम विषय पुरा करील. दुसरा वाटा विषयज्ञानाचा. ओहायोसारख्या राज्यात ‘एकात्मिक सोशल स्टडीज’ हा एकच परवाना असल्याने इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि मानसशास्त्र या सगळ्यांत थोडेथोडे शिकावे लागते. टेक्सासमध्ये नुसत्या इतिहासाचाही परवाना मिळतो. तिसरा वाटा व्यावसायिक: बालमानसशास्त्र, विशेष गरजा असलेली मुले, मूल्यमापन, शाळाविषयक कायदा आणि अध्यापनपद्धती.

एकात्मिक परवान्याची सोय मुख्याध्यापकाला होते. त्याची किंमत छात्राध्यापक भरतो. बहुतेक जण इतिहासाच्या ओढीने या शाखेत येतात. अर्थशास्त्राची एखाद-दुसरी ओळख आणि भूगोलाचा एखादा पेपर एवढ्या शिदोरीवर त्यांना पुढे बारावीच्या वर्गात महागाईचा दर आणि केंद्रीय बँकेचे व्याज समजावून द्यावे लागते. धर्मशास्त्राच्या अनिवार्य क्रेडिटांनी ही तंगी आणखी वाढते. त्या क्रेडिटांतला एखादा पेपर जगातल्या धर्मांच्या तौलनिक अभ्यासाचा असेल तर गोष्ट वेगळी. तो पेपर या शिक्षकाला जन्मभर पुरतो.

ख्रिस्ती विद्यापीठाचे वेगळेपण ज्यात आहे असे सांगितले जाते, ती गोष्ट म्हणजे ‘श्रद्धा आणि विद्या यांचा मेळ’. फ्रँक गेबलिन यांनी १९५४ मध्ये आणि व्हीटनचे तत्त्वज्ञ आर्थर होम्स यांनी १९७५ मध्ये या कल्पनेला पुस्तकरूप दिले. पुढे कॅल्व्हिनमधून निकोलस वोल्टरस्टॉर्फ यांनी तिला न्याय आणि शांती यांच्या शिक्षणाकडे वळवले. व्यवहारात हा मेळ दोन टोकांना घसरतो. एका टोकाला तासाच्या आरंभी प्रार्थना होते आणि मग कुठल्याही सरकारी विद्यापीठातला असावा तसा तास होतो. दुसऱ्या टोकाला प्रत्येक घटनेवर बायबलचे वचन चिकटवतात. कॅल्व्हिनचेच डेव्हिड स्मिथ यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात तिसरी वाट दाखवली. शिक्षकाची श्रद्धा धड्यातल्या मजकुरात शोधण्याऐवजी ती तो वेळ कसा वाटतो, कुणाला बोलू देतो, प्रश्न कसा विचारतो यात पाहावी, असे त्यांचे म्हणणे. सरकारी शाळेत जाणाऱ्या छात्राध्यापकाला खरोखर उपयोगी पडणारी वाट हीच, कारण ती कायद्याच्या आड येत नाही.

इतिहासाच्या बाबतीत या विद्यापीठांनी स्वतःच्या घरातल्या भ्रमाशी झुंज दिली आहे, आणि तो भाग जरा तपशिलाने पाहण्याजोगा आहे. अमेरिका हे ‘ख्रिस्ती राष्ट्र’ म्हणूनच स्थापन झाले, ही समजूत इव्हँजेलिकल घरांत आणि खासगी ख्रिस्ती शाळांच्या अनेक पुस्तकांत खोल रुजलेली आहे. तिच्याविरुद्ध पहिला भारदस्त आवाज याच वर्तुळातून उठला: मार्क नोल, नेथन हॅच आणि जॉर्ज मार्सडन या तीन श्रद्धावान इतिहासकारांनी १९८३ मध्ये ‘द सर्च फॉर ख्रिश्चन अमेरिका’ लिहिले. पेनसिल्व्हेनियातल्या मसाया विद्यापीठात शिकवणाऱ्या जॉन फिया यांनी २०११ मध्ये तोच प्रश्न पुस्तकाचे शीर्षक म्हणून घेतला आणि २०१३ मध्ये ‘इतिहास का शिकावा’ या विषयावर खास विद्यार्थ्यांसाठी लिहिले. काळाबरोबर होणारा बदल, संदर्भ, कार्यकारण, आकस्मिकता आणि गुंतागुंत ही इतिहासविचाराची पाच अंगे ते त्यात मांडतात. संशोधक सॅम वाइनबर्ग यांनी २००१ च्या पुस्तकात दाखवले होते, की इतिहासकारासारखा विचार माणसाला उपजत येत नाही, तो शिकवावा लागतो. त्या संशोधनाचे बोट धरूनच हे काम चालते.

‘ख्रिस्ती राष्ट्रा’च्या या प्रश्नावरचा अध्यापनपद्धतीचा तास साधारण असा उभा राहतो. टेबलावर पाच कागद. पहिला १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. त्यात निर्मात्याचा उल्लेख आहे. दुसरा १७८७ ची राज्यघटना. तिच्या मजकुरात ईश्वर कुठे नाही, सरकारी पदासाठी धर्माची कसोटी लावू नये असे सहावे कलम स्पष्ट सांगते, आणि तरीही शेवटी तारीख ‘आपल्या प्रभूच्या वर्षा’तली आहे. तिसरा १७९७ चा त्रिपोलीशी झालेला तह. त्याच्या अकराव्या कलमात अमेरिकेचे सरकार ख्रिस्ती धर्मावर आधारलेले नाही असे म्हटले आहे. चौथे जेफरसनचे १८०२ चे डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना लिहिलेले पत्र. पाचवी एक साधी नोंद: मॅसेच्युसेट्स राज्याने १८३३ पर्यंत चर्चला करातून पैसा दिला. छात्राध्यापक आधी स्वतः विद्यार्थी होतात. कागद कुणी लिहिला, कुणासाठी, कोणत्या प्रसंगी, दुसरा कागद त्याला दुजोरा देतो का, हे प्रत्येकासमोर लिहितात. घरून एक कागद पाठ करून आलेला विद्यार्थी इथे अडखळतो. त्रिपोलीचा तह हे ब्रह्मास्त्र मानणाराही अडखळतो, कारण समुद्री चाच्यांचा उपद्रव थांबावा म्हणून एका मुसलमान सत्तेशी केलेला तह आणि मॅसेच्युसेट्सची करवही हे दोन्ही एकाच देशातले आहेत. तास संपताना प्रश्नच बदललेला असतो: ‘ख्रिस्ती होते की नव्हते’ याऐवजी ‘कुठे, कोणत्या अर्थाने, कुणाच्या लेखी’. त्याच तासाचे टाचण मग आठवीच्या मुलांसाठी लिहायचे असते, पंचेचाळीस मिनिटांत बसेल असे. बहुतेकांना आपले विषयज्ञान किती तोकडे आहे याचा साक्षात्कार तिथे होतो.

विद्यापीठाचा स्वतःचा इतिहासही साधन होऊ शकतो. गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेतले बॅप्टिस्ट वेगळे निघाले ते १८४५ साल, आणि बेलरला सनद मिळाली तेही १८४५ च. तिथले संस्थापक गुलामांचे मालक होते आणि २०२० मध्ये विद्यापीठाने आपल्या आवारातल्या पुतळ्यांचा व स्मारकांचा आढावा घ्यायला आयोग नेमला. मेरीलँडच्या जेझुइटांनी १८३८ मध्ये २७२ गुलाम विकले आणि त्यातला पैसा जॉर्जटाउनच्या कर्जफेडीला गेला, हे आता सर्वश्रुत आहे. गुलामगिरीचे समर्थक आणि विरोधक अशा दोघांनीही बायबलचाच आधार घेतला, हे भावी शिक्षकाला दुसऱ्या कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा इथे अधिक नीट शिकता येते, कारण ती वचने त्याच्या ओळखीची असतात.

वर्गातल्या धर्माविषयी कायदा काय म्हणतो, हा शाळा-कायद्याच्या पेपरातला ठरलेला प्रश्न. १९६२ आणि १९६३ च्या दोन निकालांनी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळेतली शाळापुरस्कृत प्रार्थना आणि भक्तिभावाने होणारे बायबलवाचन थांबवले. पण १९६३ च्याच ‘शेंप’ निकालात बायबलचा आणि धर्मांचा वस्तुनिष्ठ अभ्यास करायला हरकत नाही असेही नोंदवले. धर्म शिकवणे आणि धर्माविषयी शिकवणे यांतला भेद तिथून आला. नॅशनल कौन्सिलने २०१७ मध्ये धर्म-अभ्यासाची पुरवणी सी-थ्री चौकटीला जोडली तीही याच पायावर. २०२२ च्या ‘केनेडी’ निकालात, सामन्यानंतर मैदानावर स्वतःपुरती प्रार्थना करणाऱ्या फुटबॉल कोचच्या बाजूने न्यायालयाने कौल दिला आणि शाळा-कायद्याच्या टिपणांतली काही पाने नव्याने लिहावी लागली. वर्गात मुलांकडून प्रार्थना करून घेण्याची मुभा मात्र त्यातूनही मिळालेली नाही.

धर्म शिकवणे आणि धर्माविषयी शिकवणे यांतला हा भेद कॅलिफोर्नियात मराठी घरांपर्यंत पोहोचतो. तिथे सहावीला प्राचीन संस्कृतींमध्ये भारत आणि हिंदू धर्म येतात. २००५-०६ मध्ये आणि पुन्हा दहा वर्षांनी पाठ्यपुस्तकांतल्या जात, स्त्रियांचे स्थान आणि आर्यांचे आगमन या मजकुरावरून हिंदू संघटना, दलित गट आणि अभ्यासक यांच्यात राज्याच्या शिक्षण मंडळासमोर मोठी खडाजंगी झाली. लॉस एंजलिसजवळच्या अझूसा पॅसिफिक किंवा बायोलासारख्या ख्रिस्ती विद्यापीठातून बाहेर पडलेल्या नव्या शिक्षकाच्या वर्गात अशा घरातले मूल असू शकते. चातुर्वर्ण्याचा त्रिकोण फळ्यावर काढून मोकळे होण्याची जुनी पद्धत त्याच्यासमोर टिकत नाही, आणि ती सोडून काय शिकवायचे हे पदवीतला दक्षिण आशियाचा एखादा आठवडा सांगत नाही.

अलीकडे दुसऱ्या बाजूनेही कुंपण आले आहे. २०२१ पासून ओक्लाहोमा, टेक्सास, टेनेसी अशा राज्यांनी वंश आणि लिंगभेद यांविषयी वर्गात काय मांडू नये, याचे कायदे केले. टेक्सासच्या कायद्याने शिक्षकाला चालू वादग्रस्त विषयावर बोलण्याची सक्ती करता येत नाही. बोललाच तर एका बाजूला झुकता येत नाही. राजकीय पाठपुरावा किंवा चळवळीच्या कामासाठी मुलांना गुणही देता येत नाहीत. सी-थ्री चौकटीची ‘विचारपूर्वक कृती’ ही चौथी पायरी इथे सरळ या कायद्यावर आदळते. टेक्सासातल्या ख्रिस्ती विद्यापीठांतले छात्राध्यापक चौकट आणि कायदा दोन्ही शिकतात आणि त्यांतले कोणते कुठे वापरायचे हे मार्गदर्शक शिक्षकाला हळूच विचारतात.

मार्गदर्शक शिक्षक भेटतो तो शेवटच्या सत्रात. पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून निरीक्षणाचे तास असतात. शेवटी बारा ते सोळा आठवडे पूर्णवेळ सराव, म्हणजे आपल्या बी.एड.ची आंतरवासिता. कॅलिफोर्नियात एकूण सहाशे तास भरावे लागतात. पहिला आठवडा मागच्या बाकावर बसण्यात जातो, मग एक तास हाती येतो, महिनाभरात दिवसातले सगळे. सकाळी सव्वासातला शाळा, पाच तुकड्या, दोन वेगळ्या इयत्तांचे टाचण, रात्री तपासायचे निबंध. पगार नाहीच, उलट त्या सत्राची फी भरावी लागते आणि खासगी विद्यापीठाची फी थोडी नसते. पेनसिल्व्हेनियाने २०२३ मध्ये कायदा करून अशा छात्रांना दहा हजार डॉलरपर्यंत विद्यावेतन देऊ केले ते या तक्रारीमुळेच.

याच आठवड्यांत प्रत्येकाला तो प्रश्न येतो. धर्मसुधारणेचा धडा चालू असतो, मार्टिन ल्युथरचे प्रबंध फळ्यावर असतात, आणि तिसऱ्या रांगेतला मुलगा हात वर करून विचारतो: ‘मिस्टर अमुक, तुमचा या सगळ्यावर विश्वास आहे?’ खोटे बोलायचे नाही आणि प्रवचनही द्यायचे नाही. अनुभवी पर्यवेक्षक सांगतात ते उत्तर साधे आहे. माझे मत विचारायला तास संपल्यावर ये, आत्ता ल्युथरच्या काळातल्या शेतकऱ्याला काय वाटले ते पाहू. पाठोपाठ शेतकऱ्याविषयीचा कागद हाताशी तयार असेल तरच हे उत्तर चालते. नसेल तर वर्गाला पळवाट लगेच कळते.

या साऱ्या पेचाची सर्वांत स्पष्ट न्यायालयीन तपासणी झाली ती मात्र कॅनडात. ब्रिटिश कोलंबियातल्या लँगली इथे १९६२ साली सुरू झालेल्या ट्रिनिटी वेस्टर्न विद्यापीठात पाच वर्षांचा शिक्षकप्रशिक्षण अभ्यासक्रम होता. पाचवे वर्ष सायमन फ्रेझर या सरकारी विद्यापीठाच्या देखरेखीखाली जाई. ट्रिनिटीने ते वर्षही स्वतःकडे मागितले. प्रांतातल्या शिक्षक-नियामक मंडळाने नकार दिला. विद्यार्थी ज्या आचारसंहितेवर सही करत, तीत समलिंगी संबंध निषिद्ध ठरवलेले होते. तेव्हा असे शिक्षक सरकारी शाळेत भेदभाव करतील, ही मंडळाची भीती. २००१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. एखादी गोष्ट मानण्याचे स्वातंत्र्य त्यानुसार वागण्याच्या स्वातंत्र्यापेक्षा मोठे आहे, आणि या विद्यापीठाचे पदवीधर वर्गात भेदभाव करतात याचा पुरावा मंडळाने आणलेला नाही, असे न्यायालय म्हणाले. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींना वर्गातल्या समलिंगी मुलाची बाजू दिसत होती आणि ती खोटी नव्हती. २०१८ मध्ये त्याच विद्यापीठाच्या नियोजित विधी महाविद्यालयाला न्यायालयाने मान्यता नाकारणे योग्य ठरवले. त्याच वर्षी विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी ती सही ऐच्छिक केली. शिक्षकाबाबतचा निकाल पुराव्याच्या अभावावर उभा होता, हे विसरून तो ‘श्रद्धेचा विजय’ म्हणून सांगितला जातो. ते चुकीचे आहे.

परवान्याच्या परीक्षेला श्रद्धेशी कर्तव्य नाही. अनेक राज्यांत ‘प्रॅक्सिस’ द्यावी लागते. तिच्या रूढ सोशल स्टडीज परीक्षेत अमेरिकेचा इतिहास, जगाचा इतिहास आणि नागरिकशास्त्र यांना सुमारे वीस-वीस टक्के, भूगोल आणि अर्थशास्त्राला पंधरा-पंधरा आणि वर्तनशास्त्रांना दहा टक्के वजन. आपल्याकडच्या टीईटीच्या दुसऱ्या पेपरात सामाजिक शास्त्रांना दीडशेपैकी साठ गुण असतात, तशातलाच हा प्रकार. २०१३ नंतर काही राज्यांनी ‘एडटीपीए’ आणली. त्यात छात्राध्यापकाने सलग काही पाठांचे नियोजन, शिकवतानाची चित्रफीत आणि मुलांच्या कामाचे विश्लेषण बाहेरच्या परीक्षकाकडे पाठवायचे, वर तीनशे डॉलर भरायचे. जॉर्जिया, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, न्यू जर्सी या राज्यांनी पुढे ही अट काढून टाकली. तक्रार अशी की छात्र सरावाच्या आठवड्यांत शिकवण्याऐवजी अहवाल लिहीत बसत. तक्रार रास्त होती. पण स्वतःचा तास स्वतः पाहायला लावणारी दुसरी सोय त्याजागी फार ठिकाणी आली नाही.

सरकारी शाळेऐवजी चर्चच्या शाळेत जायचे, तर वाट वेगळी. ॲडव्हेंटिस्ट आणि ल्युथरन पंथांत राज्याच्या परवान्याबरोबर पंथाचे प्रमाणपत्र मिळवण्याची पद्धत आहे. नोत्र दाम विद्यापीठ १९९३ साली स्थापलेल्या कार्यक्रमातून पदवीधरांना दोन वर्षे गरजू कॅथलिक शाळांत शिकवायला पाठवते आणि त्यातच त्यांची पदव्युत्तर पदवी पूर्ण करून घेते. चर्चच्या शाळेतल्या नोकरीची कायदेशीर जात कोणती, हे २०१२ च्या ‘होझॅना-टेबर’ खटल्यात ठरले. मिशिगनमधल्या एका ल्युथरन शाळेतली शिक्षिका गणित, भाषा, विज्ञान, सोशल स्टडीज असे सगळे शिकवायची. धर्माच्या कामाला दिवसाचा जेमतेम पाऊण तास. पण तिने धर्मशास्त्राचे आठ पेपर पूर्ण केले होते, ल्युथरन महाविद्यालयाच्या अध्यापकांपुढे तोंडी परीक्षा दिली होती, आणि तिची नेमणूक पंथाने ‘पाचारण’ म्हणून केली होती. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिला धर्मसेवक ठरवले. त्यामुळे नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा कायदा तिला लागू झाला नाही. २०२० मध्ये हेच तत्त्व कॅथलिक शाळांतल्या, असे पाचारण नसलेल्या शिक्षकांनाही लागू झाले. ख्रिस्ती विद्यापीठातल्या प्रशिक्षणाच्या वेळी ही बाब करारावर सही करण्याआधी सांगायला हवी. पुष्कळांना ती नंतर कळते.

भारतात ख्रिस्ती विद्यापीठे मोजकी, आणि त्यांतले एक पुण्यात औंधला आहे. स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठाचा आरंभ १९१५ मध्ये कोइमतूरला एक प्रशिक्षणशाळा म्हणून झाला, १९४२ मध्ये ते पुण्याला आले आणि २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने विद्यापीठ झाले. मुंबईत जेझुइटांची सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन १९५३ पासून शिक्षक घडवते. मात्र बी.एड.ची चौकट राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची. २०१५ पासून ती दोन वर्षांची झाली. इतिहासपद्धती, भूगोलपद्धती, सूक्ष्म अध्यापन, आंतरवासिता हे सगळे इतर महाविद्यालयांसारखेच. अल्पसंख्याक संस्थेचा हक्क घटनेच्या तिसाव्या कलमाने दिला, तरी अभ्यासक्रमात ‘श्रद्धा आणि विद्येचा मेळ’ घालायला फारशी जागा उरत नाही. अमेरिकेत ज्याला तत्त्वज्ञान म्हणतात, ते इथे सकाळच्या प्रार्थनेत आणि सेवाप्रकल्पात राहते.

राहिला नोकरीचा प्रश्न. गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षण यांच्या तुलनेत सोशल स्टडीजचे उमेदवार जास्त असतात. टंचाईच्या विषयांसाठी असलेले ‘टीच’ अनुदान वर्षाला चार हजार डॉलरपर्यंत मिळते. ते घेणाऱ्याने आठ वर्षांत चार वर्षे टंचाईचा विषय गरीब वस्तीच्या शाळेत शिकवायचा, नाहीतर त्याचे कर्ज होते. सोशल स्टडीज टंचाईच्या विषयांच्या राष्ट्रीय यादीत सहसा नसल्याने ते अनुदानही बहुतेकांना मिळत नाही. २००२ नंतर परीक्षांचा भर वाचन आणि गणितावर गेला आणि प्राथमिक शाळेत या विषयाचे तास आटले. २०२२ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीतली केवळ १३ टक्के मुले अमेरिकेच्या इतिहासात आणि २२ टक्के नागरिकशास्त्रात प्रवीण निघाली. देशभरातला सरासरी प्रारंभिक पगार २०२२-२३ मध्ये साडेचव्वेचाळीस हजार डॉलरच्या आसपास होता. खासगी विद्यापीठाच्या कर्जाचा हप्ता त्यातूनच जातो. आणि जाहिरातीत ‘सोशल स्टडीज शिक्षक’ या शब्दांपुढे अनेकदा स्वल्पविराम असतो, मग फुटबॉल किंवा कुस्ती. मुलाखतीला राज्यघटनेची तयारी करून गेलेल्या उमेदवाराला पहिला प्रश्न येतो, तो कोणत्या खेळाचा संघ सांभाळाल हा.